शेडनेट

सावळजच्या शाळेत, मार्चच्या अकराच्या उन्हात
दुसरीची पोरं मी मैदानात उभी केली.
काडीनं ज्याची त्याची सावली आखली.
"सावली तुमच्यापेक्षा बुटकी झाली
की पळायचं लिंबाखाली.
टोपी घालायची. लांब बाह्या.
मानेलाही कातडी असते, विसरायचं नाही."

साईराजला आपली सावली फारच बुटकी वाटली,
तो टाचा उंचावून उभा राहिला.
मुबीना म्हणाली, "लबाडी!"

मग रेवती खाडेनं बोट वर केलं.
"बाई, आमची द्राक्षं रॅकवर वाळत्यात.
हिरवं शेडनेट बांधलंय चारी बाजूंनी.
आप्पा म्हणत्यात, ऊन लागलं
की बेदाणा काळा पडतो, भाव जातो."
"बरोबर."
"आई बाहेर बसती. निवडायला."

मला पुढचं वाक्य सुचेना.
उगीच घड्याळ काढलं.
मनगटावर पंधरा उन्हाळे झाकलेली
फिकी पट्टी.
पोरं ती बघायला गोळा झाली,
एकानं बोट लावून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी रेवती सांगत होती,
आईची पाटी तिनं जाळीच्या सावलीत ओढली.
आई हसली म्हणं.
पण दुपारी परत ओढायला लागली,
सावली सरकली होती.