कूर्चो

दिवसभर जुळे सोलापुरात
लोकांच्या लॅब्राडोरांना ‘सिट’ शिकवतो.
घरी, अशोक चौकामागं,
नल्लीला मात्र आमच्या तेलुगूत: कूर्चो.

ती बसत नाही.
शेजारचा लूम खडखडतो, कान तिकडं.
माझ्या मुठीत कडक भाकरीचा तुकडा
घामानं मऊ पडलेला.

तुटल्या धाग्याला गाठ मारायला
बापानं शिकवलं, धोटा फेकून मारत.
गाठ चांगली येते.
धोटा वाजला की अजून
खांदा आपोआप वर जातो.

लाइट गेली. गल्लीतले माग थांबले.
मी काहीच म्हणालो नाही.
फरशीवर नखं वाजली, मग वाजेनात.
हात पुढं करून चाचपलं:
बसलीय.

शाब्बास म्हणालो,
इतक्या हळू
की आधी मलाच ऐकू आलं.