चेंबर

पांदणीच्या तोंडाशी उस्तादानं गाडी उभी केली
आणि आधी चपला काढल्या.
मी म्हटलं, देवळात चाललो का?
गुणवंत कुमरे फारसा हसत नसे.
"चिखलात काय हाय थे टायराले समजत नाई,
तळपायाले समजते. उतर."

बेनोड्याच्या पुढं, नाल्याच्या पल्याड,
सहाशे क्रेट संत्री तोडून ठेवलेली,
कार्तिकात न बोलावता पाऊस येऊन गेलेला,
आणि काळी माती अशी
की एक पाऊल उचललं तर
पायलीभर सोबत येते, सोडत नाही.

पुढं तो, हातात तुराटी,
दर दोन पावलांवर खुपसून पाहणारा.
इथं वीतभर. इथं हातभर.
इथून नोको, खाली बैलगाडीची जुनी चाकोरी हाय,
चाकं खाली बसतीन, मधला उंचवटा चेंबरले लागंन.
चेंबर म्हणजे गाडीचं पोट, पातळ पत्र्याचं,
तेलानं भरलेलं, उघडं.
"एक दगड बसला का इंजिनाचा जीव
मातीत सांडते. मंग रडत बसजो."
वाटेतले बाभळीचे काटे वेचले.
मी सतरापर्यंत मोजले, मग कंटाळलो.

बागेत वळायच्या जागी
दोन चाकांच्या बरोबर मधे येईल असा
दगड होता, नाकापर्यंत चिखलात.
मी म्हटलं, उपटू अन् फेकू.
"धुऱ्याचा हाय. हलला त दोन भाऊ कोर्टात."
त्यानं सुतळी काढली,
कडुनिंबापासून दगडापर्यंत ताणली, गाठ मारली,
विहिरीच्या कठड्यापासून ताणली, दुसरी गाठ.
मग टामी घातली.
दगड केबिनमध्ये आला, माझ्या पायाशी बसला
वजनदार पाहुण्यासारखा.

मागच्या टायरांची थोडी हवा सोडली.
ब्रेकचा लोंबता पाइप वर बांधला,
पऱ्हाट्या अंथरल्या, रिकामा बारदाना अंथरला.
पहिला गियर, आणि पाय असा
जणू खाली झोपलेलं मूल आहे.
"चाक जागीच फिरलं का समजजो,
गाडी स्वतःच खड्डा खंदून रायली."

व्यापाऱ्याचा माणूस फटफटीवर येऊन ओरडत होता,
मंडी सुटते, मंडी सुटते.
भरलेली गाडी येताना फसली एकदा, व्हायचंच.
ट्रॅक्टरवाल्या पोरानं साखळी बंपरला अडकवली.
उस्ताद खाली उतरला, काही बोलला नाही,
साखळी काढली,
चेसीच्या हुकाला लावली,
आणि पोराला म्हणाला, झटका नाही, ओढ.
पुन्हा म्हणाला, ओढ.

रात्री साडेदहाला, गाडी डांबरीवर लागल्यावर,
आम्ही दोघं परत गेलो, टॉर्च आणि दगड घेऊन.
मी सुतळी धरली निंबाजवळ, तो विहिरीजवळ,
दोन्ही गाठी जिथं भेटल्या तिथं
दगड पुन्हा रोवला, माती चेपली.
कोणी पाहत नव्हतं. एक टिटवी तेवढी ओरडली.

मग बागवाल्याकडून मागून आणलेले पाण्याचे डबे.
रेडिएटरच्या जाळीवर धार हळू सोडायची,
जाळी वाकली तर इंजिन तापतं.
ड्रम, कमानी, पाट्यांच्या फटी.
वाळली तर ही माती सिमीट होते.
मालक वरुडात झोपलेला होता.
गाडी त्याची, हप्ता त्याचा.

उस्ताद गाडीखाली शिरला,
टॉर्च दातांत धरून,
आणि पोटावरून हात फिरवत राहिला, बराच वेळ,
पुढून मागं, मागून पुढं.
"ओरखडाबी नाई," आतून आवाज आला.

बाहेर येऊन बंपरला टेकून बसला,
उजवा पाय मांडीवर घेतला.
टाच लाल होती.
चिखल धुतला तेव्हा दिसला, काळा, अर्धा आत.
मी काही म्हणणार, तेवढ्यात
त्यानं हात पुढं केला.

"पक्कड दे."