मधली जागा

हळदीला भाव लागला त्या साली
अण्णांनी इचलकरंजीच्या एका गिरणीवाल्याकडून
डॉज आणली. किंग्सवे, छप्पनची, तिसऱ्या हाताची,
रंग पिकत आलेल्या पेरूचा.
गाडी गणपती पेठेत शिरली तशा
दुकानदारांनी फळ्या आत ओढल्या.
पद्मण्णा पेंडवाले ओट्यावरून ओरडले,
"आदगोंडा, ही गाडी हाय का लग्नाचं कार्यालय?"

गाडी सतरा फूट, आमचा बोळ बारा.
दारात लावायची तर तीनदा पुढं, तीनदा मागं,
आणि मागं उभं राहायचं काम माझं.
नऊ वर्षांची मी, परकर खोचून, दोन्ही हात हलवत:
येऊ द्या, येऊ द्या,
अजून येऊ द्या,
बास!
माझ्या एका शब्दावर दीड टन लोखंड थांबायचं.
पुढं उभ्या आयुष्यात
इतकं कुणी माझं ऐकलं नाही.

बाहुबलीला निघालो की चौदा जण, डब्यांसकट.
मांडीवरची धरत नसत.
दोन सीटांच्या मधल्या खळग्यात
सतरंजी टाकून धाकटे दोघं झोपायचे,
अंकली येईपर्यंत घोरायचे.
डिकीत मात्र बारा महिने नमुन्याच्या पिशव्या,
त्यामुळं सीटा कितीही पुसा, पिवळ्या.
ताईला बघायला पाहुणे आले,
त्यांना मिरज स्टेशनवरून आणलं
आणि उतरले तर साऱ्यांच्या पाठी हळदीनं माखलेल्या.
मुलाची आत्या हसून म्हणाली,
"आता हळद लागलीच आहे, तर तारीख काढा."

दस्तगीर मिस्त्री मिरजेहून सायकलवर यायचे.
त्यांचा भाऊ तंबोऱ्याला जवारी लावायचा,
हे बॉनेटला कान लावायचे.
डोळे मिटून म्हणायचे, "सहातला चौथा जरा उतरलाय."
सुटा भाग मुंबईत मिळेना,
मग माधवनगरच्या लेथवर घडवायचे,
कधी पंपाचा, कधी नांगराचा तुकडा कापून.
शेवटी शेवटी त्या गाडीत
अमेरिका किती उरली होती, कोण जाणे.

पेट्रोल भडकलं. काका हिशोब घेऊन बसले,
लिटरला पाच किलोमीटर, तेही वारा मागून असेल तर.
अण्णा म्हणाले, "म्हैस पेंड खाते म्हणून विकतो का आपण?"
पण आयर्विन पुलाच्या उतारावर
हळूच इंजिन बंद करायला लागले.
गाडी मग नदीसारखीच, आवाज न करता, गावात यायची.

एक मी कुणाला सांगितलं नव्हतं.

गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला,
पुढची सीट या दारापासून त्या दारापर्यंत एकसलग.
तात्या खिडकीशी बसायचे, म्हणून आई मधे.
ते ठीकच.
पण हरिपूरला पेवं बघायला
अण्णा आणि आई दोघंच जात,
आणि परत येताना बोळाच्या तोंडाशी
गाडी मागं घेताना मला मागच्या काचेतून दिसायचं:
खिडकीची जागा रिकामी,
आणि दोन डोकी लागून.
मग घराचं दार जवळ आलं
की त्यातलं एक, अंबाडा सावरत,
सरकत सरकत खिडकीशी जायचं.
मी "बास" जरा उशिरा म्हणायला शिकले.
दोनदा भिंतीला बंपर घासला.
बोलणी खाल्ली.

शहाऐंशीत डॉज तासगावच्या मंडपवाल्याला दिली, वरातींसाठी.
मी माहेरी आले होते.
सवयीनं मागं जाऊन उभी राहिले,
तर मंडपवाल्याचा पोरगा म्हणाला, "सरका ताई, येतंय मला."

त्याच महिन्यात दारात मारुती आली, पांढरी,
एका फेरीत बोळात वळणारी.
अण्णा आल्यागेल्याला सांगत, लिटरला किती देते.
पुढं दोन खुर्च्या, सुट्या सुट्या,
मधे गिअर, मधे हँडब्रेक.
आई पहिल्यांदा बसली, दार ओढून घेतलं,
डावीकडं पाहिलं, उजवीकडं पाहिलं.
"आटोपशीर आहे," म्हणाली,
आणि हँडब्रेकवर पडलेला पदर
आवरून मांडीवर घेतला.