डावखुरा टाका

वागळे इस्टेट, रोड नंबर बावीस,
डाय-कास्टिंगवाल्याच्या मागच्या भिंतीला टेकून माझं शेड.
मिस्किटांनी गाडी तिथं ढकलत आणली,
दोन रिक्षावाले आणि एक चहावाला लावून.
निळी. म्हणजे कधीकाळी निळी.
दोन दारांची, जर्मन, छत उघडणारी,
माझ्या लेकीपेक्षा नऊ वर्षांनी मोठी.
"छत तेवढं तुम्ही करा, इंजिन मी बघतो," म्हणाले.
सगळे असंच म्हणतात.

आधी तेल.
काचेच्या वरच्या चौकटीत करंगळीएवढा सिलिंडर असतो,
त्याचं सील गेलं की थेंब थेट चालवणाऱ्याच्या टाळूवर.
मिस्किटांच्या टोपीला तसला गोल डाग होता.
चार वर्षं समजत होते, डोक्याचं तेल असेल.
टोपी काढली तर केस नव्हतेच.

मग पाणी.
हुडाखालच्या पन्हळीत पानं कुजून माती झालेली,
मातीत पिंपळ, सहा पानांचा,
मुळं थेट स्पीकरपर्यंत.
तो दह्याच्या डब्यात लावून दिला.
बिलात धरला नाही.

मागची खिडकी प्लास्टिकची, काविळीसारखी पिवळी.
तिच्यातून पाहिलं की शेडमधला कालचाच कचरा
कुणाच्या तरी लग्नाच्या अल्बममधला वाटायचा.

सीलं न्हावाशेवाला सहा आठवडे अडकली.
तोवर मी हूड उसवायला घेतलं.
चौथ्या कमानीपाशी हात थांबला.
मशीन पोचत नाही त्या जागेला हाताची शिवण होती,
मेण ओढलेला दोरा,
आणि टाके सगळे डावीकडे कललेले.
दर सातव्यावर गाठ.

इद्रीसभाई.
राबोडीतलं दुकान, दाराला पडदा, आत रेक्झिनचा वास.
"फाटलं तर सातापर्यंतच फाटेल, शालन. पुढे जाणार नाही."
ते डावरे, मी उजवी,
म्हणून शेजारी बसून काही जमेना.
मग समोर बसवलं मला, आरशात बसवतात तसं.
दोन वर्षं मी त्यांचं उलटं शिकले,
ते सुलट निघालं.

गाडी मला आठवत नाही.
त्या गल्लीत गाड्या शिरतच नसत,
हुडं तेवढी यायची, घडी घालून, रिक्षातून,
आजारी माणसासारखी.

दोरा नखानं दाबला, भुकटी झाली.
ठेवण्यासारखं काही नव्हतं, मी उसवत गेले.
सात. गाठ. सात. गाठ.
एका ठिकाणी आठ.
पुन्हा मोजले. आठच.
कुणी हाक मारली असेल,
किंवा समोर बसून मीच काहीतरी बडबडत असेन,
वय सतराचं, जिभेला हाड नाही.

नवं कापड चढवलं. माझे टाके उजवीकडे जातात.
त्या जागेशी आल्यावर थोडा वेळ सुई धरून बसले.
आठवा नाही घातला.
चूक त्यांची होती, त्यांच्याच नावावर राहू दे.

मिस्किटांना वहीच्या पानावर लिहून दिलंय:
ओलं असताना घडी घालायची नाही.
रबराला ग्लिसरीन, महिन्यातून एकदा, चमचाभर.
साबण नको, रिठ्याचं पाणी.
पन्हळीत बोट घालून बघायचं, आळस करायचा नाही.
आणि बंद ठेवायचं नाही. पंधरवड्यातून एकदा तरी उघडायचं,
उगाच, कुठं जायचं नसलं तरी.

पहाटे साडेपाचला पोखरण रोडवरून उपवनला नेली.
बटण दाबलं. काहीतरी कण्हलं,
मग कमानी एकामागून एक उभ्या राहिल्या,
पाठ दुखणाऱ्या बाईनं जमिनीवरून उठावं तशा,
आणि मागं जाऊन निजल्या.
येऊरच्या बाजूनं गार वारा, तळ्यावर दोन पोहणारे म्हातारे.
मिस्किटा काही बोलेनात.

तेवढ्यात टाळूवर टप्पकन थेंब पडला त्यांच्या.
माझ्या पोटात खड्डा.
त्यांनी बोट लावलं, वास घेतला, मला दाखवलं.
पाणी होतं.
वर पर्जन्यवृक्ष उभा होता,
रात्रीचं दव अजून सांडत.