सोमवारी बंद

रविवारी नागपूरहून गाड्या येतात.
दार उघडते, पहिले मोबाईल बाहेर, मग माणूस.
"किल्ला कुठं आहे?"
किल्ला नाही जी, दगड आहेत.
"हो, पण पाहायचं काय?"

मी निळ्या बोर्डाकडं हात करतो.
बोर्डावर सरकार रागावून उभं आहे:
मोडतोड केल्यास दंड, कैद.
मोडण्यासारखं काय आहे
ते लिहायचं राहून गेलं.

पिपळडोहच्या पडीत जमिनीवर एकोणसाठ गोल.
दगडाले दगड लागून, खळ्यासारखे, मधात काहीच नाही.
काही दगडांवर वाटीएवढे खळगे, ओळीनं,
पाऊस त्यात चार दिवस राहते
आणि होले पिऊन जातात.
पोट्टे क्रिकेट खेळतात, सातवा गोल बाउंड्री.
एकदा एक लहान पोरगी गोलात आडवी झाली,
कान मातीले लावला, म्हणाली,
"बाबा, खाली कोणी घोरून राह्यलं."
बाप म्हणाला, ऊठ, फ्रॉक खराब होते.
मी काही बोललो नाही.

माहा बाप, झिबल मसराम,
इथंच खणाले होता, तीन रुपये रोज.
साहेब तंबूत, बाप खड्ड्यात.
"कुदळ नाही, चमचा देल्ला हातात," हसून सांगे,
"चमच्यानं वावर खणलं म्या."
एका दुपारी घोड्याचं डोकं वर आलं,
दातांत लोखंडाचा लगाम, तसाच धरलेला.
बापानं चमचा खाली ठेवला
आणि घोड्याले म्हणाला, हो हो, थांब रे.
साहेबानं वहीत घोडा लिहिला.
थांब लिहिलं नाही.

डोकं हात लावताच भुगा झालं, म्हणे.
लगाम कापसात गुंडाळून नागपूरले गेला,
अजब बंगल्यात.
एकदा पाहून येऊ, बाप म्हणे, एकदा पाहून येऊ,
असं म्हणता म्हणता त्याचेच दात गेले.

मले सुटी सोमवारची.
रविवार तर तुमचा.
पहिल्या एसटीनं निघालो, इस्त्रीचा शर्ट,
डब्यात भाकर आणि मिरचीचा ठेचा.
अजब बंगल्याच्या फाटकाले कुलूप.
सोमवारी बंद.

आत खुर्चीवर माह्यासारखाच एक,
खाकी शर्ट, काखेत उसवलेला.
म्हटलं, पिपळडोहचा आहो, आमचा लगाम आहे आत.
"कोणता लगाम?"
घोड्याचा.
त्यानं खर्रा गालाच्या दुसऱ्या बाजूले सरकवला.
"खालच्या दालनात एक कपाट आहे,
तिथली ट्यूब गेली दिवाळीपासून.
एक वाकडं लोखंड आहे. चिठ्ठी उलटी पडली त्याची."
मग मलेच विचारलं,
"तिकडं काय आहे पाहाले?"
दगड.
"नुसते दगड?"
गोल ठेवलेले.

गजातून खर्र्याची पुडी बाहेर आली,
गजातून अर्धी भाकर आत गेली.
त्याले सुटी मंगळवारची.
या मग, म्हटलं. बोलण्यासारखं बोललो,
कोण येते.

चार मंगळवार गेले.
पाचव्याले एसटीतून उतरला, बायको संगं, छत्री, पाण्याची बाटली.
खिशातून जुनं तिकीट काढलं.
"फोटोले मनाई आहे ना," म्हणाला,
"म्हणून काढून आणला."
तिकिटाच्या पाठीवर, निळ्या पेनानं, लगाम.
एक कडी मोठी, एक लहान झालेली.
"ट्यूब लावली," म्हणाला. "चिठ्ठी सुलटी केली.
आमच्याकडं घोडा नाही. घोडा कुठं आहे?"

मी बापाचा गोल दाखवला.
गवत होतं, एक लाल किडा चढून राह्यला होता.
किल्ला कुठं आहे, बाथरूम कुठं आहे,
त्या दोघांनी काहीच विचारलं नाही.
गोलाच्या काठावर उभं राहून
आधी बाईनं चपला काढल्या, मग त्यानं.

घाला जी, म्हटलं मी,
गोखरू आहेत लय.