घडवंचीचा चौथा पाय

सिंदेवाहीकडून टेम्पो घेऊन आला होता तो माणूस,
गावोगाव जुनं सागवान घेत.
त्यानं घडवंची अंगणात उलटी केली,
बैलाच्या बरगड्या चाचपाव्या तसा
खालून हात फिरवला.
खिळा शोधत होता.

खिळा नव्हता.
कूस खाचेत गेलेली, आडवी बांबूची मेख,
मेखेचं डोकं असं तासलेलं
की बोटाला कळत नाही,
नखाला कळतं.

वरची तीन भोकं त्याला आवडली.
कडा आतून उतरत्या,
मडक्याच्या पोटाला बसतील अशा.
भोवती एक बारीक पन्हळ,
झिरपलेलं पाणी कुसेपर्यंत जाऊ नये म्हणून.
ही त्याला दिसली नाही.
मी दाखवली नाही.

मग त्यानं टेप काढला.
तीन पाय सारखे. चौथा बोटभर लांब.
"इथं चुकला तुमचा मिस्त्री.
हरकत नाही, दुकानात कापून घेऊ,"
म्हणाला, आणि दोनशे कमी केले.

माय धान पाखडत होती. सूप थांबलं.
"चुकला नाई थो," म्हणाली.

लटारू वाढई आला तेव्हा
रांधणीत आधी तांब्याभर पाणी ओतलं त्यानं
शेणानं सारवलेल्या भुईवर,
आणि उकिडवा बसून राहिला
पाणी कुठं जाते पाहत.
माय नवी नवरी. तिला वाटलं, खुळाच आहे.
"भुई कशी हाय, थे पाहू द्या पह्यले,"
एवढंच बोलला.
पाणी मोरीच्या कोपऱ्यात जाऊन थांबलं.
त्या कोपऱ्यासाठी हा पाय.

तीन पायली धान घेतलं त्यानं, आणि एक जुनं धोतर.
नाव कुठं कोरलं नाही.
पॉलिश नाही, दिवाळीच्या आधी
जवसाच्या तेलाचा एक हात, बस.

टेम्पो रिकामाच गेला. म्हणजे आमच्यापुरता.

आता घरकुलात पांढरी फरशी आहे,
एका पातळीत, काचेसारखी.
तिच्यावर घडवंची डुगडुगते.
तीन पायांखाली फरशीचे तुकडे सारले मी,
नीट बसले नाहीत, पुन्हा सारले.

जुनी रांधणी पाडली, तिची माती
बांधावर गेली.
मोरीकडचा तो उतार
या बोटभर लाकडात तेवढा राहिलाय.

माय गुंड ठेवते, हात काढत नाही लगेच.
पाण्याची कड हलायची थांबेपर्यंत
पाहत उभी राहते.