हातभर समुद्र

सकाळी सहाला मी धक्क्यावरून बादली सोडते.
दोरी ओली, बोटं बधिर.
पारा थांबेपर्यंत शंभर अंक मोजायचे,
मग वहीत आकडा : सतरा.
पाराचिकेत मला नेरिदा कुणी म्हणत नाही.
"आज किती?" हेच माझं नाव.

बाबा एकदा जाळं विणता विणता म्हणाले,
ऊन तेच, पाणी तेच,
मग तुझा आकडा ठरवतं कोण?
वारा, मी म्हटलं.
तो आपल्या किनाऱ्यावरून निघतो, मावळतीकडे जातो,
आणि जाताना वरचं कोमट पाणी लोटत नेतो,
खळ्यात फावड्यानं धान्य सारावं तसं.
समुद्र सपाट नसतो, बाबा.
तिकडे, इंडोनेशियाच्या अंगाला,
तो आपल्यापेक्षा हातभर उंच असतो.
इकडे मोकळी झालेली जागा भरायला
तळाचं पाणी वर येतं, गार, अंधारात मुरलेलं,
खाली मरून पडलेल्या सगळ्याचं खत घेऊन.
त्यावर आंचोवेता पोसते, तिच्यावर पक्षी,
तिच्यावरच आपली चूल.
बाबांनी गाठ मारली, दोरा दातानं तोडला.
"म्हणजे आपण वाऱ्याच्या हातचं खातो."

गार पाण्यावरची हवा जड असते, उठत नाही.
धुकं होऊन लोळते, पाऊस होत नाही.
म्हणून आमच्या पाठीला सेचुराचं वाळवंट,
आणि आमच्या छपरांना उतार नाही.
कशाला असेल?

त्या वर्षी ऑक्टोबरात वारा दमला.
इथे कुणाला कळलं नाही,
धक्क्यावरचं निशाण फडकतच होतं.
तो दमला दूर, मध्यसमुद्रात,
आणि तिकडचा हातभर ढीग
हळूहळू आमच्याकडे ओघळू लागला.
वहीत एकोणीस. एकवीस.
नाताळच्या आठवड्यात चोवीस.
आजोबांची पिढी याला बाळ म्हणायची,
नाताळला येतो म्हणून.
जानेवारीत सत्तावीस. मी पुन्हा बादली सोडली. सत्तावीस.
बाळंतिणीला घालावं असं पाणी.

आंचोवेता खोल गेली, नाहीतर दक्षिणेला.
पेलिकन बाजारात येऊन
मासळीवालीच्या पायांशी भिकाऱ्यासारखे बसले.

मग फेब्रुवारीतल्या एका रात्री
शेजारची एउलोगिया चुंगा झोपेतून ओरडली,
छपरावर वाळू कोण फेकतंय?
सकाळपर्यंत तिची मातीची भिंत
चहात बुडवलेल्या बिस्किटासारखी बसली होती.
पिउरा नदी वाट चुकून वाळवंटात शिरली
आणि तिथेच राहिली. पसरली.
पैलतीर दिसेना.

बाबांनी होडी ट्रकवर चढवली.
समुद्राकडे पाठ करून मासेमारीला निघालेला माणूस
मी पहिल्यांदा पाहिला.
बुडालेल्या अल्गारोबोंच्या शेंड्यांत
लिसा मासा इतका होता की जाळं फाटायचं,
माशांनी आणि काट्यांनीही.
शेळ्या राखणारा सातुर्निनो एचे बाबांकडे वल्हवायला शिकला.
वल्हं धरायचा तो काठीसारखं,
आणि पाण्याला हाकारे घालायचा.

मी रोज आकडा लिहीत राहिले.
जूनमध्ये बावीस, मग एकोणीस.
वारा उठला होता, कुठेतरी, कुणाला न सांगता.
तळं हातभर उतरलं,
मग आणखी हातभर,
मग नुसतं मीठ आणि टायरचे माग.
होडी आणायला ट्रकचे पैसे नव्हते.
ती तिकडेच आहे, वाळूत कलंडलेली.
तिच्या सावलीत शेळ्या वितात.

आता सातुर्निनोही मला रस्त्यात थांबवतो.
"आज किती?"
अठरा, मी सांगते.
धक्क्यावर हाच आकडा ऐकून लोक हसले होते.
तो मान हलवतो, चप्पल झटकतो,
काही न बोलता शेळ्यांकडे वळतो.

एउलोगियानं नवी भिंत घातली.
छपराला उतार दिलाय तिनं,
गावात एकटीनं.
पोरं त्यावरून चेंडू सोडतात
आणि खाली झेलतात.